राजाबाईंचा लाल माठ

माझ्या सासूबाई, मोरिवलीच्या राजाबाई, सून पारखायच्या त्या माठावर. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला परसात नेलं आणि म्हणाल्या, "वलख बघू यातला कंचा कंचा माठ." मी उल्हासनगरची. आमच्याकडे शेजारपाजार सगळा सिंध्यांचा. पालेभाजी म्हणजे पालक, आणि पालक म्हणजे शेजारणीने वाटीतून पाठवलेली साई भाजी, एवढंच मला ठाऊक. मी म्हटलं, "माठ म्हणजे मला पाण्याचाच माहीत." तर म्हणाल्या, "मंग तू कंचा माठ?" माझा नवरा जयदेव खोखो हसला. मला असा राग आला की दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

पण शिकले. विहिरीच्या कडेला त्यांचे चार वाफे होते, पलीकडे कारखान्याची भिंत. हिरवा माठ गरीब, लसूण-मिरचीत टाकला की मुकाट शिजतो. देठी माठाची देठं बोटाएवढी जाड, ती सोलून सुकटीत घालायची आणि शेवग्याच्या शेंगेसारखी चोखायची. चवळई बारीक पानांची, तिला थोडी आंबट डाळ लागते. काटेमाठ कुणी पेरत नाही, तो बांधावर आपला आपण येतो, त्याचे कोवळे शेंडे तेवढे खुडायचे. रागाच्या भरात त्या मला काटेमाठच म्हणायच्या. आणि लाल माठ म्हणजे त्यांचा जीव. मऊ, किंचित गोडसर, भातात कालवला की भात गुलाबी. लाल माठ असला की त्यांना दुसरं कालवण लागायचं नाही, भाकरीने पातेलं पुसून खायच्या.

एकोणनव्वद साली माझं पहिलं पोटातलं गेलं. पुढच्या वर्षी पुन्हा दिवस राहिले. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि जयदेवला बाजूला घेऊन झापलंच, "बायकोच्या अंगात रक्तच नाही, हेही मूल राहायचं नाही अशानं." गोळ्या दिल्या. वर सांगितलं, रोज पालेभाजी, त्यात लाल माठ उत्तम, लोह आहे, चुना आहे, डोळ्यांनाही चांगला. लिंबू पिळून खा म्हणजे लोह अंगी लागेल, आणि जेवणावर लगेच चहा नको. सासूबाईंनी चहाचा डबा थेट फळीवर चढवला. मी त्या रात्री रडत होते, तर माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून ताटात लाल माठ. रोज. आणि काय सांगू, रोज तो बिघडलेला. एक दिवस खारट, एक दिवस अळणी. टोपभर माठ शिजून वाटीभर होतो, म्हणून मीठ शेवटी, चाखून घालायचं, हे मला शिकवलं कुणी? त्यांनीच. आणि आता स्वतः मूठ टाकून मोकळ्या. बरं, स्वतःच्या ताटात वरण-भात आणि सुकट, माठाचं पानही नाही. मी जयदेवला म्हटलं, "तुझ्या आईला स्वतःला नको झालाय आणि मला कोंबतायत." तो म्हणाला, "वरून मीठ घे ना." पुरुषांचं सगळं असं सोपं असतं.

मी गिळत राहिले, बाळासाठी. सातव्या महिन्यात रक्त वाढलेलं बघून डॉक्टर पहिल्यांदा हसले. गोळ्यांनी की माठाने, मी विचारलं. म्हणाले, दोन्हींनी, थांबवू नका. आणि मुलगी झाली, चांगली टणटणीत, रडली तर आळी उठवणारी.

बारशाला मी केतकी नाव काढलं होतं. सासूबाई म्हणाल्या, नवसी ठेवा. मी भडकले. म्हटलं, "शाळेत पोरं चिडवतील. आणि नवस केला कुणी?"

"मी," त्या म्हणाल्या. "गावदेवीला. पोर सुखरूप होव दे, मी लाल माठ सोरला."

त्यांच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो. सोडला. मला कळायला क्षणभर लागलं. मग ते खारट, अळणी सगळं एकदम कळलं. जिभेला लावायचाच नाही, तर चाखणार कशा?

"असं कुणी करतं का?" मी ओरडलेच. "सोडायचंच होतं तर कारलं सोडायचं."

"कारला सोरून देव फसंल काय? जीव लागला तेच सोरायचं."

"मग आता झालं ना, आता खा."

"जलमभर सोरलाय," म्हणाल्या आणि बाळाला टाळू भरायला घेऊन गेल्या. मला त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं आणि दोन गोष्टी सुनवाव्याशाही. मी माठ चिरायला बसले.

तीन वर्षं वाफे स्वतः राबवायच्या, जुड्या स्वतः बांधायच्या, आणि माझ्या हातची भाजी जिभेला न लावता आम्हाला वाढायच्या. मला तो घास गोड लागेना. मग एक दिवस केतकी आजीच्या मांडीवर बसून जेवत होती. गुलाबी भाताचा घास तिने मुठीत घेतला आणि आजीच्या तोंडाशी धरला. आजी मान फिरवत राहिली. पोरीने भोकाड पसरलं. आणि सासूबाईंनी तोंड उघडलं.

डोळे मिटून किती तरी वेळ चावत होत्या. मी बघतेय म्हटल्यावर रागावून म्हणाल्या, "मी कुठं खातंय? पोर भरवतंय. देवीनं दिली तीच भरवतंय."

मी केतकीच्या ताटात आणखी भात वाढला. त्यानंतर लाल माठ असला की सासूबाई आधी जेवायच्या नाहीत. कितीही भूक लागो, केतकी बालवाडीतून येईपर्यंत उंबऱ्यात बसून राहायच्या.