पत्र्याच्या खोलीतली आयना

मेस चालवणाऱ्या बाईकडे दोन गोष्टी साचतात, खरकटी भांडी आणि किस्से. भांडी दुपारपर्यंत घासून पालथी पडतात. किस्से मात्र साचतच राहतात! चार जण ताटावर बसले की कुणीतरी म्हणतंच, "वहिनी, ते आयनाचं सांगा ना!"

तर सांगते. आमची मेस नगरला, माळीवाडा स्टँडच्या जवळ. स्वयंपाक मी आणि माझ्या सासूबाई करतो. त्या काष्टी गावच्या. मी त्यांना आत्या म्हणते. मेसच्या वर पत्र्याची एक खोली आहे, ती तेव्हा रिकामी होती. एप्रिलमध्ये पत्र्याखाली राहणार कोण?

* * *

एक फिनलंडची मुलगी वेरूळ बघून पुण्याला निघालेली. पंचविशीची, उंच, पाठीवर भलीमोठी सॅक. बसमध्ये उलट्यांनी बेजार झाली आणि नगरलाच उतरली. स्टँडवर रिक्षा लावणारे आमचे सलीमभाई तिला थेट मेसमध्ये घेऊन आले.

"वहिनी, जरा बघा हो. पोरगी पार पांढरी पडलीय!"

आत्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आरं सलीम, ती मुळातच पांढरी आसंल की!"

लिंबू-साखर-मीठ घालून पाणी पाजलं, वरच्या खोलीत झोपवलं. उठल्यावर ती इंग्लिशमध्ये म्हणाली, "फक्त दोन दिवस राहते." माझं इंग्लिश बीकॉमपुरतं, पण तेवढं कळलं.

सगळे मला वहिनी म्हणतात, म्हणून तिला वाटलं माझं नावच वहिनी! अजूनही तेच समजते.

* * *

तिचं नाव आयनो. आत्यांच्या तोंडी लगेच "आयना" झालं. सलीमभाईंनी गल्लीत बातमी दिली, "मेसवाल्यांकडे वरच्या खोलीत आयना आलाय! लांबून आलाय, एकदम भारी!"

संध्याकाळी शेजारची नवी सून फणी घेऊनच वर चढली.

* * *

दोन दिवसांचे चार झाले. एका सकाळी ती सॅक भरून खाली आली. म्हणाली, "वहिनी, इथं खूप छान वाटलं. पण मला अहिल्यानगर पण बघायचंय. किती लांब आहे?"

तिच्या मोबाईलच्या नकाशात अहिल्यानगर. कंडक्टरपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडात नगर. बिचारीला वाटत होतं, आपण चुकून अलीकडेच उतरलो!

मी आत्यांना सांगितलं. आत्यांनी तिच्या पाठीवरची सॅक काढून जमिनीवर ठेवली.

"बस खाली. पोचलीस!"

* * *

आमच्या मेसला कॉलेजची आणि एमआयडीसीतली मुलं जेवायला येतात. गलका इतका की कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. आयना त्यांच्यात बसली.

"मॅडम, मॅरेज?"

"नो."

"बॉयफ्रेंड?"

"नो."

मग गप्प. रागावली नव्हती हो! तिच्याकडे जेवताना गप्प बसणं म्हणजे निवांत असणं. मुलांना वाटलं, आपलं चुकलं. मग मुलंही गप्प. कुणी वाढायलाही मागेना. नुसता पापड मोडल्याचा आवाज.

आत भाकरी थापणाऱ्या आत्या पिठाच्या हातानं धावत बाहेर आल्या.

"काय झालं? कोन गेलं का?"

* * *

माळीवाड्याचा रस्ता ओलांडणं तिला जमत नव्हतं. गाड्यांची रांग संपायची वाट बघत कडेला उभी राहायची. नगरमध्ये रांग संपते होय? सलीमभाई दोनदा तिला रिक्षात घालून पलीकडे सोडून आले!

शेवटी आत्यांनी हात धरून नेलं. "गाडीकडं न्हाई बघायचं, गाडीवाल्याच्या डोळ्यात बघायचं. आन् हात आसा करायचा!"

दुसऱ्या दिवशी आयना एकटी उतरली. मान ताठ, हात वर. बाईक थांबल्या, रिक्षा थांबल्या, कांद्याचा टेम्पो कचकन ब्रेक मारून थांबला. तिला इतका आनंद झाला की ती मधेच उभी राहिली. एका आजोबांना पलीकडे पाठवलं, मग दोन कॉलेजच्या मुली, मग एक अख्खं वऱ्हाड!

कडेला चहा पिणाऱ्या ट्रॅफिक हवालदारानं सलीमभाईंना विचारलं, "ही नवी भरती कुठल्या बॅचची?"

* * *

एका दुपारी पत्रा असा तापला की मला तिची काळजी वाटली. ताक घेऊन वर गेले. ही मांडी घालून बसलेली, घामानं निथळतेय, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर हसू! म्हणाली, आमच्याकडे घरोघरी लाकडाची खोली असते, ती मुद्दाम तापवून आत घाम काढत बसतो.

खाली येऊन आत्यांना सांगितलं. त्यांचा विश्वासच बसेना.

"लाकडं जाळून घाम काढत्यात? आरारा! लई हाल गं पोरीचे. ऱ्हाऊ दे तिला मे सरस्तोवर, मन भरून घाम येऊ दे!"

* * *

मग एक दिवस आयना जिन्यावर बसून रडताना दिसली. खोदून विचारल्यावर कळलं. आई "जाऊ नको" म्हणत होती, ही भांडून, दार आपटून निघाली होती. त्यानंतर दोघींचं बोलणंच नाही. रोज मेसेज टाईप करायची आणि पुसायची.

आत्या म्हणाल्या, "ल्हीत काय बसायचं? लाव फोन!"

व्हिडिओ कॉल लागला. पिकलेल्या केसांची, चष्मा लावलेली बाई, मागे खिडकीत बर्फ. मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. ही बोलेना, ती बोलेना.

आत्यांना राहवेना. त्यांनी मोबाईल ओढून घेतला.

"आवो इहीनबाई, रामराम! मी काष्टीची. पोरगी आमच्याकडं हाय, सुखात हाय. दोन भाकरी खाती. राग धरू नगा. तुमी जेवला का?"

त्या बाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग डोळे पुसत त्यांच्या भाषेत बरंच काही बोलली. आत्या मान हलवत होत्या. "व्हय, व्हय. आमचं बी तसंच हाय!" मी तेवढं इंग्लिशमध्ये आयनाला सांगितलं.

आयना रडता रडता हसायला लागली. मी विचारलं, "आई काय म्हणाली?"

"म्हणाली, तू बरी आहेस ना, मग झालं. आणि इथं अजून बर्फ आहे, माझे पाय फार गारठतात."

"आणि आत्या म्हणाल्या ते?"

"ते पण सांगितलं मी आईला. यांचं पण तसंच आहे म्हणून."

त्यानंतर मायलेकी मनसोक्त बोलल्या.

मे महिन्यात फिनलंडहून पार्सल आलं. आत हातानं विणलेले लोकरीचे पायमोजे, दोन जोड. एक आयनाचा. दुसरा लाल, जाडजूड, आत्यांचा.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. आत्या मोजे घालून चुलीपुढे भाकरी थापायला बसल्या. सलीमभाई दारातच थबकले.

"आत्या, या उन्हात लोकरीचे मोजे?"

आत्यांनी भाकरी उलटली.

"इहीनबाईनं धाडल्यात."