बावीस वर्षांच्या संसाराचा पुरावा

घरात सून एकच होती, तरी तिला सगळे धाकटी म्हणत. थोरल्या मुलाचं लग्न आज ना उद्या होईल, थोरली सून येईल, या भरवशावर सासूने तिला पहिल्याच दिवशी धाकटी करून टाकलं. थोरल्याचं लग्न काही झालं नाही. पुढे सासू गेली, सासरे गेले, धाकटीने त्रेचाळिशी ओलांडली, नवरा आणि लेकीबरोबर परदेशात येऊन तिला आठ महिने झाले, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत ती काम करायची. पँटची उंची कमी करणे, कंबर सैल करणे, चेन बदलणे. हात असा की मूळची शिवण कुठली आणि तिची कुठली, हे कापड उलटं करून पाहिलं तरी कळू नये. पण काही दिवसांपासून डाव्या बाजूचा हँगरचा दांडा तिच्या खांद्याला लागायला लागला. एकदा लागला, दोनदा लागला. तिसऱ्या वेळी तिने डावा हात सरळ गरम इस्त्रीवर टेकला.

मालकीणबाई धावत आल्या. "अगं, एवढी मोठी इस्त्री दिसली नाही?"

"नाही दिसली," धाकटी म्हणाली, आणि हाताच्या चटक्यापेक्षा त्या दोन शब्दांनीच तिला घाम फुटला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली होती. "गेलेली परत येत नाही. उरलेली वाचवता येते," त्या म्हणाल्या. "थेंबांवर दीड-दोन महिने निभेल. मग ऑपरेशन करावंच लागेल. विम्याचा नंबर घेऊन या, तारीख देते."

विमा नव्हता. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, पण हंगामी. आणि नशीब बघा, त्याच आठवड्यात कंपनीने त्याला कायम केलं. कायम माणसाला विमा, त्याच्या बायको-मुलांना विमा. नवरा घरी आला तो दारातूनच ओरडत आला. धाकटीने कपाटातून कागदांची पिशवी काढली. सगळ्यांचे पासपोर्ट, लेकीचा जन्मदाखला, शाळेचे दाखले, सगळं एकावर एक रचून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दोघं कंपनीच्या कार्यालयात गेली.

तिथल्या कर्मचारी बाई चांगल्या होत्या. सावकाश बोलायच्या, हसून बोलायच्या. कागद उलटता उलटता थांबल्या. "लग्नाचा दाखला?"

तो नव्हता. बावीस वर्षांपूर्वी लग्न झालं, माणसं आली, जेवली, घरोघर गेली. नोंदणी करायची असते हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. वर धाकटीच्या पासपोर्टवर अजून माहेरचं नाव होतं. जन्मदाखल्यावर आई म्हणून ती होती, बाप म्हणून तो होता, पण त्यावरून ती दोघं नवरा-बायको आहेत असं काही सिद्ध होत नव्हतं.

"नोकरी कायम झाल्यापासून एकतीस दिवसांत पुरावा द्या," बाई म्हणाल्या. "नाहीतर मग पुढच्या वर्षी अर्ज."

पुढच्या वर्षी! धाकटीने नकळत डावा डोळा झाकून पाहिला, मग उजवा.

मूळ गावच्या कचेरीला पत्रं गेली, फोन गेले. तिकडून उत्तर आलं की दोघांनी जातीने हजर राहावं. त्यात अठरा दिवस गेले. मग नवऱ्याच्याच एका सोबत्याने तोड सुचवली. इथेच विवाह नोंदणी कार्यालयात जाऊन पुन्हा लग्न करा, आठवड्यात दाखला हातात. नवरा खूश झाला. "चल, परत एकदा फसतो," म्हणाला. धाकटीही हसली. "याच माणसाशी? दुसरा कुणी दाखवतात का ते तरी विचारा."

एकोणिसाव्या दिवशी तिघं नोंदणी कार्यालयात गेली. लेक सोळा वर्षांची होती. इथली भाषा घरात तिच्याच जिभेवर नीट बसलेली, म्हणून अर्ज तीच वाचत होती. नाव, पत्ता, जन्मतारीख. मग ती जरा अडखळली.

"काय लिहिलंय?" धाकटीने विचारलं.

"काही नाही. इथे खूण करायची. 'मी शपथपूर्वक सांगते की माझा यापूर्वी विवाह झालेला नाही.'"

नवऱ्याने पेन उचललं होतं. धाकटीने त्याचं मनगट धरलं.

"अगं, नुसती खूण आहे," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"खोटी खूण आहे. ही मुलगी शेजारी बसलीय आणि आपण शपथेवर लिहायचं, की आपलं लग्न झालेलं नव्हतं?"

"आई, मला काही वाटणार नाही," लेक म्हणाली.

"तुला नाही वाटणार. मला वाटेल. आणि उद्या कुणी आपला व्हिसाचा अर्ज काढला तर? त्यात विवाहित लिहिलंय. इथे अविवाहित. दोन कागद शेजारी ठेवायला कुणाला किती वेळ लागतो?"

खिडकीपलीकडचा कारकून त्यांच्याकडे बघत होता. मागे रांग होती. नवऱ्याच्या कानशिलावरची शीर ताठ झाली. "डोळा जातोय तुझा," तो म्हणाला. "तत्त्व घेऊन बसायची वेळ आहे का ही?"

धाकटी उठली. अर्ज तिने घडी करून पर्समध्ये घातला आणि चालायला लागली. दारातून बाहेर पडताना डाव्या खांद्याला एक माणूस धडकला. तो तिला दिसलाच नव्हता.

घरी दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही. तिसऱ्या दिवशी नवरा पुन्हा कंपनीच्या बाईंकडे गेला आणि एक नवी वाट घेऊन आला. लग्नाला स्वतः हजर असलेल्या कुणीतरी इथे, या देशात, नोटरीसमोर शपथेवर तसं सांगायचं. त्याचे स्वतःचे कागद चोख हवेत. त्याला लेकीच्या जन्मदाखल्याची जोड दिली की काम होईल.

"आपल्या लग्नातलं कोण आहे इथे?" लेकीने विचारलं.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. होता. एकच माणूस होता. याच शहरात, बसने तासाभरावर.

थोरले दीर वीस वर्षांपूर्वीच इकडे आले होते. आठ वर्षांपूर्वी सासरे वारले, तेव्हा ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. नवऱ्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, म्हणून रिसीव्हर धाकटीने घेतला. सगळ्या उसाभरीने ती शिणली होती, चिडली होती. "वडील होते तेव्हा सवड नव्हती," ती म्हणाली होती. "गेल्यावर फोनला बरी सवड सापडली." तिकडून फोन ठेवला गेला. पुन्हा कधी वाजला नाही. इथे आल्यावरही आठ महिन्यांत कुणी कुणाचं दार वाजवलं नव्हतं.

"मी नाही जाणार त्याच्याकडे," नवरा म्हणाला.

"तुम्ही नकाच जाऊ. बोलले मी होते. मीच जाते."

चोविसाव्या दिवशी अर्धी सुट्टी काढून ती गेली. दिरांचं दुकान म्हणजे बस डेपोच्या भिंतीत बसवलेला एक कोनाडा होता. तिन्ही बाजूंना किल्ल्या टांगलेल्या, मधे किल्ली कापायचं मशीन, त्यामागे एक स्टूल, आणि स्टुलावर दीर. केस पार पांढरे झालेले. त्यांनी मान वर केली, तिला ओळखलं आणि हातातली किल्ली पुरी होईपर्यंत मशीन चालू ठेवलं.

"बसायला जागा नाही इथे," मशीन बंद करून ते म्हणाले. ये म्हणतायत की जा म्हणतायत, तिला कळेना.

तिने उभ्याउभ्या सगळं सांगितलं. डोळा, विमा, दाखला, एकतीस दिवस. सांगताना त्यांच्या तोंडाकडे पाहायचा धीर होईना, म्हणून किल्ल्यांकडे बघत सांगितलं. ते कानशीने किल्लीची धार मोडत ऐकत होते.

"म्हणजे काम पडलं म्हणून आलीस."

"हो, भाऊजी. काम नसतं तर आलेच नसते. तोंडच नव्हतं मला."

कानस थांबली. त्यांनी ती मशीनवर ठेवली. मग म्हणाले, "आबा गेले तेव्हा माझा इथे राहायचा परवाना संपलेला होता. नव्याचा अर्ज दोन वर्षं अडकून पडलेला. देशाबाहेर पाऊल टाकलं असतं तर परत आत घेतलं नसतं कुणी. तिकीट काढलं होतं मी. बॅग घेऊन विमानतळाच्या दारापर्यंत गेलो आणि तिथून परत फिरलो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कुणाला सांगू? तुम्हाला सगळ्यांना वाटायचं, मी इकडे साहेब झालोय."

माफी मागायला धाकटी तोंड उघडणार, तोच एक गिऱ्हाईक आलं आणि कुलूप दाखवत बसलं. ते गेल्यावर दीर म्हणाले, "सही करतो असं आत्ता म्हणत नाही. सरकारी कागदावर शपथेवर माझं नाव लिहायचं म्हटलं की अजून भीती वाटते. नऊ वर्षं मी पोलिस दिसला की फुटपाथ बदलायचो. तुला नाही कळायचं ते."

"आता थोडं थोडं कळतं," ती म्हणाली.

"विचार करतो. नंबर आणि कामाच्या जागेचा पत्ता ठेवून जा."

पंचविसावा दिवस गेला, सव्विसावा गेला. फोन नाही. सत्ताविसाव्याला नवऱ्याने स्वतःच लावला. कुणी उचलला नाही. डोळ्यांचे थेंब दिवसातून दोनदा घालायचे असत. ते घालताना लेक आईची हनुवटी धरून तिच्या डोळ्यात असं बघायची, की जणू तिलाच आत काही दिसणार होतं. "आई," एकदा ती म्हणाली, "तू त्या दिवशी उठलीस ते माझ्यामुळे नाही ना?"

"तुझ्यामुळे कशाला? माझ्यामुळे," धाकटी म्हणाली. पण मनातून ती हादरली होती. नोंदणी कार्यालयात त्या दिवशी खूण केली असती तर एव्हाना दाखला हातात असता. आता त्या वाटेला वेळच उरला नव्हता. ती वाट आपण आपल्या हाताने बंद केली आणि दुसरी ज्याच्या हातात आहे, त्याला आठ वर्षांपूर्वी आपणच तोडून टाकलं. कुणावर चिडायची सोयच नव्हती.

तिसाव्या दिवशीही काही नाही.

एकतिसाव्या दिवशी दुपारी एक वाजता ती एका कोटाचं अस्तर उसवत होती. काचेच्या दारातून मालकीणबाईंनी हाक मारली. बाहेर थोरले दीर उभे. इस्त्रीचा शर्ट, आणि छातीशी दोन्ही हातांनी धरलेली प्लास्टिकची फाईल.

"नोटरी किती वाजेपर्यंत असतो?" त्यांनी विचारलं.

कोट टेबलावर तसाच उसवलेला राहिला. मालकीणबाई "जा जा" म्हणाल्या. लेक शाळेतून घरी जाऊन जन्मदाखला घेऊन आली, नवरा एका इमारतीतली लिफ्ट सोबत्याच्या स्वाधीन करून आला. दोन भाऊ आठ वर्षांनी समोरासमोर आले ते नोटरीच्या जिन्यात. "दादा," नवरा म्हणाला. "वर चल, उशीर होतोय," थोरला म्हणाला. एवढंच.

नोटरी म्हाताऱ्या होत्या आणि कुणाचीही गय करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी दिरांचा एकेक कागद उजेडाला धरून पाहिला. तेवढा वेळ दीर श्वास धरून बसले होते.

"या लग्नाला तुम्ही स्वतः होतात?"

"होतो. जेवणाच्या पंगतीत वाढत होतो."

"तारीख?"

"सत्तावीस."

नोटरींनी अर्जाकडे पाहिलं, मग चष्म्यावरून दिरांकडे. "इथे सतरा लिहिलंय."

अर्ज नवऱ्याने भरला होता. दिरांचा चेहरा पांढरा पडला. शपथेवर चुकीचं बोललो, या भीतीने त्यांचा हात फाईलीकडे गेला, आणि धाकटीला वाटलं, आता हे उठून जातात.

"सत्तावीसच," ती घाईघाईने म्हणाली. "भाऊजींचं बरोबर आहे. अहो, तुम्ही सतरा कुठून काढलीत?"

नवरा डोकं खाजवू लागला. "सतराला मी नोकरीला लागलो. लग्न त्यानंतर... हो, सत्तावीस."

"बावीस वर्षं झाली," धाकटी नोटरींना म्हणाली, "एकदाही यांना तारीख आठवलेली नाही. दुसरा कुठला पुरावा पाहिजे तुम्हाला?"

लेकीने ते इथल्या भाषेत सांगितलं. नोटरींच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. पण खाडाखोड चालणार नव्हती. नवा अर्ज छापून आणावा लागला, तो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून लेकीने धावत आणला. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं. थोरल्यांनी सही केली, अक्षर अक्षर जोडून, शाळकरी पोरासारखी. नोटरींनी शिक्का उमटवला. पाचला वीस मिनिटं कमी असताना कंपनीच्या बाईंनी कागद घेतला, वरची तारीख पाहिली आणि म्हणाल्या, "वेळेत आहे. मंजुरीचं पत्र घरी येईल."

ते यायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत धाकटीने टपालपेटी किती वेळा उघडली, ते शेजाऱ्यांनाही माहीत झालं. पत्र आलं. त्यात विम्याचं कार्ड होतं आणि त्यावर तिचं माहेरचं नाव, त्याखाली "पत्नी". पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. गेलेली कड गेलीच, उरलेली नजर टिकली. आता डावीकडे बघायचं असलं की तिला मान वळवावी लागते. सवयीने ती वळवते.

थोरले दीर महिन्यातून एखाद्या रविवारी येतात. फार बोलत नाहीत. त्या फोनबद्दल धाकटीने एकदा विषय काढला, तर ते म्हणाले, "राहू दे," आणि लेकीला तिच्या शाळेचं विचारू लागले. राहिलं ते राहिलंच.

डॉक्टरांनी पुन्हा शिवायला परवानगी दिली, त्यानंतरच्या रविवारी ते आले ते पिशवीत दोन पँटी घेऊन. उंचीने ते बेताचे, तयार कपडा कधी मापाचा मिळायचा नाही. वीस वर्षं पायाशी दुमडून घालत होते. धाकटीने त्यांना उभं केलं, टाचण्या लावल्या, पाऊण तासात एक पँट संपवली आणि त्यांच्यापुढे धरली.

"बरोबर आहे," ते न बघताच म्हणाले.

"न घालता काय बरोबर? आत जा, घालून या."

ते आत गेले.