जातं माझं, ओवी तिची

बायको जाऊन आठ महिने झाले. लोक येतात, बसतात, तिच्या हाताच्या चवीचं सांगतात. मला मात्र तिची कंबर आठवते.

लढाई संपली आणि मी पलटणीतून मलकापूरजवळच्या आमच्या गावी कायमचा आलो. त्याआधीच कधीतरी डोक्यावर उसाची मोळी घेऊन ती बांधावरून पडली होती. तेव्हापासून कंबर धरलेली. माझ्या आईनं मायेनंच तिला अफूची गोळी सुरू केली, मुगाएवढी, सकाळ-संध्याकाळ. आई गुडघ्यांसाठी तीच घ्यायची. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

मी घरी आलो तसं तिला मूल हवं झालं. पण गावची सुईण म्हणाली, "अफू पोटातल्या लेकराला चढती. जन्मलं की नीट रडत बी न्हाई." माझं पलटणीतलं डोकं. तिची डबी उचलली आणि उकिरड्यात फेकली. तिसऱ्या दिवशी बायको घामानं भिजलेली, पोटात मुरडा, हातपाय झाडतेय. घाबरून सांगलीला नेली.

तिथली डॉक्टरीण माझ्यावरच उखडली. "एकदम तोडायला कुणी सांगितलं? हळूहळू कमी करायची. पुरती सुटेपर्यंत मुलाचा विचार नको."

"आन दुखणं?" हिनं विचारलं.

"शेक घ्या. कुशीवर झोपा, गुडघ्यांमध्ये घोंगडं घाला. रोज थोडं चाला. घागर उचलायची नाही, जातं ओढायचं नाही."

"मग दळायचं कुणी?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं.

आईच्या डबीतली गोळी घेऊन मी वस्तऱ्यानं तासायचो, दर आठवड्याला थोडी बारीक. सुटायला चार महिने गेले. पाण्यासाठी खांद्यावर कावड घेतली, त्यात काही नाही. जातं मात्र बायकांचं. बाप्या जात्यावर बसला म्हटल्यावर गावानं शिमगा केला असता. म्हणून दार लावून बसलो.

आई म्हणाली, "आरं, मुकं जातं कुठं असतंय व्हय? शेजारीण आजच वळखंल."

खरंच होतं. मग हिनंच तोड काढली. मी दळायचो आणि ती वाकळेवर कुशीला पडून ओव्या म्हणायची. मधेच म्हणायची, "आवं, दमानं. माजी ओवी संपंना आन तुमची जवारी संपाय लागली."

असं करता करता तिला दिवस गेले. कंबर काही बरी झाली नव्हती. एखाद्या दिवशी डोळ्यांतून पाणी यायचं. आई तव्यावर मीठ तापवून पुरचुंडीनं कंबर शेकायची. आईनंच एकदा न राहवून आपली डबी पुढं केली. ही म्हणाली, "नगं आत्या. आता दुखतंय ते माजं मला दुखतंय. त्याला न्हाई."

सातव्या महिन्यात शेजारीण दाराशी आली. "काय गं, दळताना दम कसा लागत न्हाई तुला?" म्हणत दार ढकललं, तर मी मिशांपर्यंत पिठात. "आगं बया! भाऊजी, आमच्या घरच्यास्नी बी शिकवा की!"

दुपारपर्यंत गावभर झालं. पारावर एक जण म्हणाला, "गड्या, आमचं बी पायलीभर दळून देतोस का?"

"आण की. पर ओवी तुजी तू म्हण."

बाळंतपणाच्या दिवशी मी सोप्यात बसून फक्त कान लावले होते. रडणं ऐकायचं होतं. आणि काय रडली पोरगी! गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "ऐकलंस न्हवं? आता गप कर म्हनू नगंस."

तीच लेक सध्या माझ्याकडं राहायला आली आहे. गिरणी जवळ आहे, तरी परवा मूठभर ज्वारी घालून मी जात्यावर बसलो. चार फेरे झाले. इतक्या वर्षांत इतक्या ओव्या ऐकल्या, पण मला एकही येत नाही. लेक आतून म्हणाली, "दादा, कशाला उगं हात दुखवून घेताय?"

म्हटलं, दुखू दे. भाकरी बरी लागती ह्या पिठाची.