नव्या भाताचा परका

त्या वर्षी मी कणसरीवर इतका चिडलो होतो, की तिच्यापुढं हात जोडायचे तेही नाइलाजानं. कणसरी म्हणजे आमच्याकडची धान्याची देवी. लहानपणापासून तिचंच नाव घेत वाढलो. विलायतेला निघालो तेव्हाही आईनं तिच्यापुढचे तांदूळ माझ्या कपाळाला लावले होते. आणि या देवीनं काय केलं, तर शिकवून-सवरून मला परत आमच्या पोशेरा गावात, घरच्या ओट्यावर माशा मारत बसवलं!

झालं असं, की जव्हारच्या दरबारानं मला पूल-रस्ते बांधायचं शिक्षण घ्यायला विलायतेला धाडलं आणि मी तिकडं असतानाच संस्थान विलीन झालं. अभ्यास कसाबसा पुरा केला. कॉलेज चालू असताना काम करायची मुभा नव्हती, ती फक्त सुट्टीत. मग सुट्टीत वाटाणे डब्यात भरायच्या कारखान्यात उभा राहून शेंगा निवडल्या. त्याचं काही नाही, शेतकऱ्याच्या पोराला हातांची कसली लाज? खरी पंचाईत परीक्षेनंतर झाली. जाणत्या इंजिनिअरच्या हाताखाली वर्षभर प्रत्यक्ष काम केल्याशिवाय ते शिक्षण कुणी पुरं धरत नाही. किती कंपन्यांचे उंबरे झिजवले! सगळीकडं गोड बोलून एकच ऐकवायचे: आधी आमची मुलं, जागा उरली तर परके, आणि तुमच्या सरकारनं पाठवलं असेल तर त्यांची शिफारस आणा. आता कुठून आणू? पाठवणारं सरकारच राहिलं नव्हतं! जव्हारला कळवलं तर म्हणाले मुंबईला विचारा, आणि मुंबई म्हणाली, तुम्हांला आम्ही पाठवलंच नाही. शेवटी हात हलवत परत आलो. इकडच्या कचेऱ्यांत तर त्याहून कमाल. अनुभव असेल तर नोकरी, आणि अनुभव कुठं मिळतो तर नोकरीत. ते एक वर्ष मिळालं नाही तर सगळं शिक्षण पाण्यात जाणार होतं. देवीपुढं बसायचो आणि नामस्मरणाऐवजी भांडायचो.

अशात नवा भात घरी आला. आमच्या घरची रीत अशी, की नव्या तांदळाचं पहिलं पान कणसरीच्या नावानं परक्या माणसाला वाढायचं. तो जेवल्याशिवाय घरच्यांनी शीत तोंडात घालायचं नाही. आईनं भात शिजवला, उडदाचं वरण केलं आणि मला म्हणाली, "जा रे रस्त्यावं, कोणी परका दिसला तं घेऊन ये." म्हणजे विलायतेत शिकलेला इंजिनिअर आता रस्त्यात उभा राहून जेवायला माणसं शोधणार! पोटात कावळे ओरडत होते, म्हणून मुकाट्यानं गेलो.

आमच्या डोंगरात परका माणूस मिळणं किती अवघड, हे त्या दिवशी कळलं. एक गुराखी धरून आणला, तर आई दारातूनच ओरडली, "अरे, हा तुझ्या आत्याचा दीर, हा परका कसला?" मोळी घेऊन चाललेल्या एका बाईला हाक मारली, तर ती माझ्या मामीची मावसबहीण निघाली. ती बिचारी माझं तोंड बघून हसत पुढं गेली. ऊन चढलं, भात निवला. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून मोठ्यानं कणसरीला म्हणालो, "बाई गं, काम देत नाहीस ते नाहीस, निदान जेवू तरी देशील की नाही? मी थकलो. आता तुझं तूच बघ." रागानंच म्हणालो, पण म्हटल्यावर अंगातला सगळा जोर गेल्यासारखं झालं आणि मी तिथंच दगडावर बसून राहिलो.

थोड्या वेळानं चढावर एक जीप धापा टाकत आली आणि वाफ सोडत थांबली. आतून टोपीवाले एक वयस्क गृहस्थ उतरले आणि पाणी मागू लागले. मी म्हणालो, "पाणी देतो, पण आधी सांगा, तुम्ही आमच्या कुणाचे नातेवाईक तर नाही ना?"

ते गोंधळून म्हणाले, "मी सोलापूरकडचा हो!"

मला इतका आनंद झाला, की त्यांचा हात धरून जवळजवळ ओढतच घरी नेलं. आईनं त्यांना पाटावर बसवलं, पान वाढलं आणि त्यांनी पहिला घास घेतल्यावर डोळे मिटून हात जोडले. मग तिचं सुरू झालं, "पोरगा विलायतेला जाऊन पूल बांधायला शिकला साहेब, पण काम कोणी देत नाय."

साहेबांचा हात पानावरच थांबला. ते बांधकाम खात्याचे इंजिनिअर होते. पुढच्या नदीवर पूल घातला जात होता आणि त्यांच्या हाताखालचा माणूस हिवतापानं गावी गेला होता. एरवी ते दुसऱ्या वाटेनं यायचे. त्या दिवशी इकडं का वळले, हे मी कधी विचारलं नाही. जेवता जेवताच त्यांनी मला पायाबद्दल, कमानीबद्दल खोदून खोदून विचारलं आणि उठताना म्हणाले, "उद्या कामावर ये. वरच्यांशी मी बोलतो. माझ्या हाताखालचं वर्ष तुझं अनुभवात धरलं जाईल." ओट्याच्या खांबाला धरून मी रडलो, आणि आई म्हणाली, "रडतोस काय, आता जेव."

लोक म्हणतात, योगायोग. असेल बापडा, मी वाद घालत नाही. इतकं मात्र मनात बसलं, की दूर देशात परका म्हणून मी दाराबाहेर उभा होतो, आणि माझ्या देवीनं मला घास दिला तो परक्याला जेवू घातल्यावरच. मी जोर लावत होतो तोवर काही हललं नाही. बसलो, तुझं तूच बघ म्हणालो, आणि तिनं पाहिलं. आजही नवा भात आला की मीच रस्त्यावर जाऊन उभा राहतो. पुलामुळं आता वर्दळ वाढली आहे, पण येणारा-जाणारा प्रत्येक जण मला ओळखतो, त्यामुळं परका मिळता मिळत नाही. उन्हात उभा राहून चिडतो, तिच्याशी भांडतो, आणि भात निवला तरी वाट बघतो.