दोन माणसांची मोटार

आमच्या आबांनी मोटार आणली तेव्हा आईनं पहिल्यांदा तिच्या आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "मांगं बसायची जागा कोठी हाये?" मागं जागा नव्हतीच. पुढं दोन माणसं बसायची, मागं स्टेपनी आणि एक छोटी पेटी. वरती कापडी टप, तोही काढून ठेवता यायचा. इंदूरकडच्या कुणा संस्थानिकाची ती गाडी होती. संस्थानं गेली तशी त्यांच्या गाड्याही विकायला निघाल्या होत्या, आणि केळीला दिल्लीकडं चांगला उठाव आलेलं ते वर्ष होतं.

आईच्या प्रश्नाला आबांकडं उत्तर तयार होतं. "हा छकडा हाये," ते म्हणाले, "दमनी नही."

सावद्याच्या आसपास हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. दमणी म्हणजे वर छप्पर घातलेली बैलगाडी. तिच्यात बायका, पोरं, लग्नाचे डबे आणि म्हातारी माणसं जायची. छकडा हलका, उघडा, दोन चांगले बैल जोडलेला. तो गड्यानं हाकायचा आणि रस्त्यावर दुसऱ्या कुणाचा छकडा दिसला की त्याच्या पुढं काढायचा. बाई छकड्यात बसलीच तर नाइलाजानं, आणि मग तो हळू चालायचा. आबांनी हीच वाटणी उचलून मोटारीला लावली होती. त्यांच्या हिशेबानं गाडी गड्याची होती, आणि आमच्या घरात त्या वयाचा गडी एकच, माझा दादा.

दादाला कुणी विचारलं नव्हतं. त्याला पाण्याचे पाट आवडायचे. केळीच्या बागेत उघड्या पायानं फिरावं, कुठं पाणी तुंबलंय ते बघावं, ही त्याची आवड. हिवाळ्यात शेतात भरिताची पार्टी असली की वांगी काड्यांवर भाजायची आणि लाकडाच्या खोलगट बडगीत ठेचायची तीही त्यानंच, आणि पंचक्रोशीत त्याच्या भरिताचं नाव होतं. शेतात भरीत करणं पुरुषांचं काम समजलं जाई. तीच वांगी घरच्या चुलीवर गेली की बायकांची होत. असल्या गोष्टी तेव्हा मला विनोदी वाटत नसत. आता वाटतात.

त्याला शिकवायला भुसावळहून फौजेत ट्रक चालवून आलेला एक माणूस ठेवला. महिनाभर खळ्यात गोल गोल फेऱ्या चालल्या होत्या. दादा घामानं भिजून उतरायचा. संध्याकाळी माझ्यासमोर बसून तो धडा पाढ्यासारखा म्हणायचा: क्लच दाबायचा, गियर टाकायचा, क्लच हळू सोडायचा. तो चुकला की मी सुधारायचे. दुपारी मी शिवणाच्या मशीनवर बसले की खालचा पायटा मला पायटा वाटतच नसे, क्लच वाटे. डावा पाय दाबून हळूहळू सोडायचा मी इतका सराव केला की आईला वाटलं पोरगी शिवणाला लागली. तिनं शेजारणीला तसं कौतुकानं सांगितलंही.

आबा सावद्याच्या बाजाराला गेले की दादा मला खळ्यात गाडी फिरवू द्यायचा. तो स्वतः पेंढीवर बसून राहायचा. मला ती गाडी हवी होती, यापलीकडं माझ्याकडं काही स्पष्टीकरण नव्हतं. 

पुढं मी जळगावला मास्तरणीचं ट्रेनिंग घेऊ लागले. सोमवारी जायचं, शनिवारी यायचं. दादानं मला पोचवावं असं ठरलं. पहिल्याच खेपेला कापसाच्या गाड्यांची रांग समोरून आली आणि दादानं मोटार रस्त्याच्या मधोमध बंद पाडली.  गाडीवान ओरडत होते. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुले येते ना बाई?" मी उतरून पलीकडच्या बाजूला गेले.

तेव्हापासून आमचा नेम ठरला. गावातून दादा गाडी काढणार, लोक बघणार, आबा दारात उभे राहणार. गावाबाहेर चिंचेखाली जागा बदलायच्या. जळगावच्या अलीकडं पुन्हा बदलायच्या. एकट्यानं जायची-यायची वेळ आली की दादा गर्दी टाळून, बैलगाडीच्या चालीनं यायचा. मी बुटकी, समोरच्या काचेपलीकडचं नीट दिसायचं नाही, म्हणून आईची एक जुनी गोधडी घडी करून बुडाखाली घ्यायची. लायसन्स दादाचं, पाय माझे. गावात त्याची ख्याती झाली. कितीला निघाले नि कितीला पोचले हे लोक आपापसात सांगायचे आणि दादा खाली मान घालून ऐकायचा. त्याला विनयी समजत.

आबा गाडीत कधी बसले नाहीत. सकाळी उठून दोन्ही दिवे मात्र स्वतःच्या उपरण्यानं पुसायचे, मग हळूच टपावर हात ठेवून उभे राहायचे. कुणी म्हणालं, बसा ना आबा, की म्हणायचे, "आता ह्या वयात शोभत नही." मी घरी असले की हे पाहायचे, आणि त्यातून मला काही कळलं नव्हतं.

दादासाठी धुळ्याचं एक स्थळ आलं. मुलीचे वडील वकील. पहिल्या भेटीला मुलानं एका बहिणीला घेऊन यावं, थोरल्यांचा लवाजमा नको, असं त्यांनीच कळवलं. शहरात राहून माणूस सुधारतो असं आबा म्हणाले. जळगाव सोडल्यावर धुळ्यापर्यंतचा सगळा रस्ता मी चालवला. पारोळ्याला चहाच्या दुकानापाशी एक म्हातारा आपल्या सोबत्याला कोपरानं ढोसून म्हणाला, "देख रे, बाई गाडी चालाडी ऱ्हायनी!" मी तिथं मुद्दाम थोडा जास्त आवाज काढला. दादा सीटमध्ये खाली सरकला.

धुळ्याच्या अलीकडं जागा बदलल्या. पण गोधडी काढायची आम्ही दोघंही विसरलो.

वकीलसाहेब दारातच भेटले. त्यांनी मुलाकडं कमी आणि मोटारीकडं जास्त पाहिलं. चहा व्हायच्या आधीच म्हणाले, "चला, एक चक्कर मारून आणा आम्हाला." जागा दोनच. ते बसले, दादा बसला, आणि मी ओसरीवर राहिले. दुसऱ्या गियरची खरखर मला कोपऱ्यापर्यंत ऐकू आली.

वकिलीणबाई माझ्याशेजारी सुपारी कातरत बसल्या. "पुरुषांना भारी वेड असतं नाही असल्या गाड्यांचं?" त्या म्हणाल्या. "आपण आपलं डोळे मिटून बसावं."

"हो ना," मी म्हणाले.

मुलगी पाणी घेऊन आली. तिनं तांब्या ठेवला आणि हळूच विचारलं, "किती जोरात जाते हो?" मी तोंड उघडणार तोच तिच्या आईनं तिला चहाचं बघायला आत पाठवलं. प्रश्न मला आवडला, मुलगीही.

अर्ध्या तासानं दोघं पायी परत आले. वकीलसाहेब हसत होते. दादाच्या काखेत गोधडी होती.

"मी विचारलं, अहो ही गोधडी कशाला?" वकीलसाहेबांनी सगळ्यांना सांगितलं. "तर म्हणतात, बहिणीची आहे, गाडी तीच चालवते, मला भीती वाटते! गाडी लिंबाखाली उभी करून आलोय. चला ताई, आता तुम्हीच आणा."

मी गेले. ते शेजारी बसले, आणि मी त्यांना आग्रा रोडवर बरंच लांब नेऊन आणलं. ते लहान मुलासारखे खूष झाले होते. पण मला त्या दिवशी दादाचा इतका राग आला होता की परतीच्या वाटेवर मी पारोळ्यापर्यंत गाडी नुसती पिटाळली. खरं बोलायला त्याला हाच दिवस सापडला होता.

"मग काय करू?" तो शेवटी म्हणाला. "जलमभर तुले संगं घेऊन फिरू? लगन झाल्यावर त्या दुसऱ्या जागेवर कोन बशीन, तू कधी इचार केला?"

मी केला नव्हता. गाडीत दोनच माणसं बसतात हे आईला पहिल्या दिवशी दिसलं होतं. मला ते तेव्हा दिसलं. आम्ही घरी काही न सांगण्याचं ठरवलं आणि चिंचेखाली जागा बदलल्या.

आठ दिवसांनी वकीलसाहेबांचं पत्र आलं. आबांनी ते ओसरीवर चार माणसांत मोठ्यानं वाचलं. स्थळ पसंत होतं. मुलाचा खरेपणा विशेष आवडला होता. आणि शेवटी, आपल्या कन्येचं मोटार चालवणं पाहून फार आनंद झाला, असं लिहिलं होतं. भल्या माणसानं मनापासून केलेल्या कौतुकानं माणसाचं किती नुकसान होतं, हे मी त्या ओसरीवर शिकले.

 मग आमचे नाना, आबांचे धाकटे भाऊ, म्हणाले, "आता त्या गाडीत गड्यानं कोन्या तोंडानं बसावं?"

आबा चिडतील, माझं जळगाव बंद होईल, याची मी तयारी केली होती. आबा चिडले नाहीत. त्यांनी पत्राची घडी घातली. "पोरीचं शिकनं चालू राहीन," ते म्हणाले. "गाडी जाईन." आत चुलीपाशी बसून मी रडले. शिकणं राहिलं म्हणून मी खूष व्हावं असं आईला वाटत होतं, आणि मला गाडी हवी होती.

धरणगावच्या एका जिनिंगवाल्यानं ती घेतली. न्यायला त्याचा ड्रायव्हर आला, मोठ्या गाड्यांची सवय असलेला. आमच्या खळ्याचं फाटक अरुंद होतं. तो तीनदा पुढं आला, तीनदा थांबला. दोन्ही बाजूंना गाडी घासेल म्हणाला. दादा तोपर्यंत बागेत निघून गेला होता. बघायला अर्धा गाव जमला होता, त्यात नानाही होते.

आबा माझ्याकडं वळले. "तू काढ," म्हणाले.

मी पदर खोचला आणि गोधडी आणली. गाडी फाटकातून बाहेर काढून रस्त्यावर उभी केली. आबांनी ड्रायव्हरला सांगितलं, तुम्ही फाट्यावर जाऊन थांबा, तिथं देतो. तो गेल्यावर त्यांनी पलीकडचं दार उघडलं आणि आत बसले. सगळ्या गावासमोर, माझ्या शेजारी. बसल्यावर हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. त्यांनी ते गुडघ्यांवर ठेवले.

फाटा आला. ड्रायव्हर हात वर करून उभा होता. मी वेग कमी केला.

"चाल," आबा म्हणाले.

आम्ही त्याच्यासमोरून निघून गेलो. पुढं नाल्याच्या पुलापर्यंत रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना केळी.

"आखीन पयते का ही?"

"पयते आबा."

"मंग पयव की."

मी पळवली. आबांची टोपी उडाली. मी पाय उचलला, थांबू का म्हणून विचारलं. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. "राहू दे," म्हणाले. तोंडावर वारा घेत ते समोर बघत बसले होते, आणि घरात ही गाडी हवी असलेली माणसं दोन होती, हे मला तेव्हा कळलं. दोघांचीही ती चालवायची सोय नव्हती. ज्याला चालवायची मुभा होती त्याला ती नको होती.

पुलावरून गाडी वळवली. फाट्यावर आबांनी उपरण्यानं दोन्ही दिवे पुसले आणि किल्ली ड्रायव्हरच्या हातात दिली. आम्ही पायी परतलो. आबांना उघड्या डोक्यानं गावातून येताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. लोक बघत राहिले. आईनं दारातच विचारलं, "टोपी कोठी हाये?"

"पडली असीन कोठी," आबा म्हणाले आणि पाणी मागितलं.

सोमवारी मी एस.टी.नं जळगावला गेले. खिडकीपाशी जागा रिकामी होती, बायकांनी बोलावलंही. मी पुढं जाऊन ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले आणि जळगावपर्यंत त्याचे पाय बघितले. तो क्लच फार लवकर सोडत होता.