अकरा वेळा मेलेले परबकाका

शिवडीच्या गोदामात मी नोकरीला लागले, त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत परबकाका मरत होते. गोणींच्या थप्पीवर उभे, एक हात छातीवर, नजर वर. मग गुडघ्यांत मोडत ते सावकाश खाली आले आणि रिकाम्या पोत्यांवर उताणे पडले. मी घाबरून उठले. बाकीची माणसं शांतपणे जेवत होती. काकांनी उठून पँटवरची धूळ झटकली, हात धुतले आणि डबा उघडला. "नवीन माणसाक एकदा दाखवूचा लागता," ते म्हणाले.

दत्ताराम परब गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचे, राहायला लालबागला. वीसेक वर्षांपूर्वी ते परळच्या एका बंद गिरणीत रखवालदार होते, तेव्हा तिथे 'हवाबंद' नावाच्या सिनेमाचं शूटिंग झालं. दिग्दर्शक फणसवाडीतले त्रिलोकेकर, बँकेतली नोकरी सोडून आलेले. गोष्ट पुढच्या काळातल्या मुंबईची. शहराची हवा एका कंपनीच्या मालकीची, प्रत्येकाच्या पाठीवर हवेची टाकी, आणि टाकी संपलेल्यांसाठी लढणारी एक नर्स. टाक्या म्हणजे आग विझवायची नळकांडी, वर चंदेरी रंग. तोंडावरचे मास्क चहाच्या गाळण्यांचे. कंपनीचे शिपाई व्हायला माणसं मिळेनात, म्हणून रखवालदारालाच वर्दी चढवली. पहिल्या मारामारीत नर्सने त्याला मारलं, मग मिशी लावून तोच दुसऱ्या मारामारीत उभा. असे काका त्या सिनेमात अकरा वेळा मरतात.

"माणूस वेगळो, तर तेचा मराण वेगळा व्हया," असं ते म्हणायचे. प्रत्येक शिपायाची त्यांनी मनात एक हकिकत रचली होती. तिसरा घरी भांडून आलेला. नववा भित्रा, नोकरी सोडायच्या विचारात. सातव्याच्या बायकोचे दिवस भरलेले. तो पडतो तेव्हा एकदा दाराकडे बघतो. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सिनेमा आठवडाभर चालला. पहिल्याच खेळाला लोक हसायला लागले आणि त्रिलोकेकर मध्यंतरात थिएटरबाहेर गेले ते परत आलेच नाहीत. पुढे काका दिवाळीला भेटायला जात, पण त्या घरात सिनेमाचा विषय काढायचा नाही असं ठरूनच गेलं होतं.

मग कुणीतरी 'हवाबंद' इंटरनेटवर टाकला आणि कॉलेजची पोरं त्याच्या नादी लागली. दादरच्या एका छोट्या हॉलमध्ये ती रविवारी दुपारी तो दाखवायची. एक दिवस काकांना फोनवर आमंत्रण आलं. त्यांनी तो मेसेज माझ्यापुढे धरला. "मस्करी करूक बोलवतत काय, बघ गो."

मी आदल्या दिवशी घरी सिनेमा पाहिला. खरं सांगायचं तर मीही हसले. एका टाकीवरचा चंदेरी रंग उडून 'आग' हा शब्द दिसतो, तिथे तर फारच. पण मध्येच बंद करता आला नाही. त्यातलं एकही माणूस उगाच वेळ काढत नव्हतं. हातात काहीच नव्हतं आणि सगळे जीव तोडून लढत होते.

हॉलमध्ये पोरं तोंडाला गाळणी बांधून बसली होती. नटाच्या आधी संवाद म्हणत होती, 'आग' दिसल्यावर एका सुरात वाचत होती. काका मेले की आकडा मोजायची. एक. दोन. काका खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. सातव्याला मात्र कुणी मोजलं नाही. तो दाराकडे बघत खाली बसला, आणि बऱ्याच वेळाने मागून एक मुलगी हळूच म्हणाली, सात.

बाहेर आल्यावर मी विचारलं, वाईट वाटलं का.

"हसतत ता माका दिसला," काका म्हणाले. "पण सगळे डायलॉग तेंका पाठ असत. नुसती टिंगल करूक कोण पाठ करता?"

पुढच्या रविवारी ते फणसवाडीत गेले. त्रिलोकेकरांनी चहा दिला, गुडघ्यांच्या दुखण्यावर बोलले, विषय दोनदा टाळला. पोरांना सगळे डायलॉग पाठ आहेत, हे काकांनी मला सांगितलं तसंच त्यांनाही सांगितलं आणि पुढच्या खेळाची तारीख कागदावर लिहून ठेवून आले.

त्रिलोकेकर आले. उंच, वाकलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट. कुणाला कळू नये म्हणून दाराजवळच्या खुर्चीत बसले. पहिलं हसू फुटलं तसे ते उठले. काकांनी त्यांचं मनगट धरलं.

"बसा, साहेब. सातवो येवंदे."

ते बसले. माझं पडद्याकडे लक्ष नव्हतं. सातवा पडला, हॉल गप्प झाला, आणि त्रिलोकेकर मान वळवून त्या गाळणी बांधलेल्या तोंडांकडे एकेक करून बघत राहिले. त्यानंतर पोरं हसली तेव्हा तेही एकदा हसले, रुमालात तोंड लपवून.

खेळ संपल्यावर दोघं फुटपाथवर उभे होते. सातव्याच्या मरणाचा प्रसंग विणकाम खात्यात घेतला, असं त्रिलोकेकरांचं म्हणणं. काका म्हणत होते, नाही, बॉयलरजवळ, मी गिरणीचा रखवालदार, मला विचारा. कुणीच मागे हटेना. माझी बस आली तेव्हा त्रिलोकेकर आपली पिशवी काकांच्या हातात देऊन, दोन्ही हात वर करून, उजेड कुठून आणला होता ते दाखवत होते.