विचारून बघा कोणीतरी

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणाऱ्या माणसाला सहसा कोणी ओळखत नाही. गिऱ्हाईक पुढच्या पुढे फ्रेम निवडतं, आरशात स्वतःला इकडून तिकडून न्याहाळतं आणि निघून जातं. यंत्राच्या घरघरीत बसलेला माणूस त्याच्या नजरेलाही पडत नाही. या गोष्टीतल्या माणसाला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटायचं. शाळेच्या फोटोतसुद्धा तो कायम कोणाच्या तरी खांद्याआड.

अशा माणसाला हजारो लोक वाचू लागले, त्याला कारण झाली त्याच्या आईची साखर.

आईचं रक्त तपासायला दिलं होतं. रिपोर्ट मोबाइलवर आला आणि त्याच आठवड्यात आईला परक्या लोकांचे फोन सुरू झाले. कोणी साखरेवरची पावडर विकतंय, कोणी खास चपला, कोणी विमा. आई बिचारी प्रत्येकाला सांगायची, "अहो, फार नाही वाढलेली." तो लॅबमध्ये भांडायला गेला. काउंटरवरच्या मुलीने शांतपणे दाखवलं की ॲपमध्ये 'मान्य आहे' हे बटण त्यानेच दाबलं होतं. ते खरंही होतं. त्या चिडीत त्याने घरी येऊन इंटरनेटवर एक लेख लिहून टाकला. मथळा दिला, 'माझ्या आईची साखर गावाला कशी कळली?' खाली स्वतःच्या नावाऐवजी लिहिलं, 'जागल्या', म्हणजे रात्री गावाची राखण करणारा.

लेख या फोनवरून त्या फोनवर फिरला. लोकांनी आपापल्या आयांच्या साखरा, बापांचे रक्तदाब खाली लिहिले. मग त्याला चटकच लागली. निवडणूक आली की उमेदवारांकडे आपले नंबर कुठून येतात, शेजाऱ्याच्या दारावरची घंटा आपलं बोलणं कशी टिपते, मुलांच्या बोलक्या बाहुलीचा आवाज कुठल्या कंपनीत जाऊन बसतो, असं सगळं तो लिहू लागला. लेखणीला धार होती. मंत्री असो की मोबाइल कंपनी, कोणाची गय नसे. काच घासता घासता वाक्यं सुचायची आणि जेवणाच्या सुट्टीत एक हात डब्यात आणि एक फोनवर असं करून तो ती उतरवून काढायचा. वाचक त्याला वाघ म्हणायचे. दुकानात मात्र कोणाला पत्ता नव्हता. जागल्या कोण, हे फक्त बायकोला ठाऊक होतं.

बायको दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची. दोघं कॉलेजात एका वर्गात होते, त्यामुळे अरेतुरेचं नातं. त्याचा प्रत्येक लेख ती आधी वाचायची. एकदा म्हणाली, "लिहितोस झकास. पण तुझ्या लेखात माणसं नसतातच. एका बाजूला लांडगे, दुसऱ्या बाजूला मेंढरं."

"मग काय चुकलं?"

"काही नाही. आमच्या दवाखान्यात दोन्ही येतात. तोंड उघडलं की सारखेच दिसतात."

तो हसला आणि लेख होता तसाच टाकला.

मग बसचं प्रकरण आलं. शहराच्या बसखात्याने जाहीर केलं की बसच्या दारात कॅमेरे लागणार. कॅमेरा प्रवाशाचा चेहरा ओळखणार आणि भाडं आपोआप कापलं जाणार. पत्रकाखाली जनसंपर्क विभागातल्या एका बाईंचं नाव होतं. जागल्या असा तापला की जेवायचा विसरला. 'तोंड बघून तिकीट' हा त्याचा लेख आतापर्यंतचा सर्वांत जहाल. चेहरा हा पासवर्ड नाही, तो चोरीला गेला तर बदलून मिळत नाही, हे त्याने फार नेमकं मांडलं होतं. तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. शेवटी त्या बाईंचं पूर्ण नाव देऊन त्याने लिहिलं, 'या बाईंना स्वतःच्या घराच्या दारावर असा कॅमेरा लावलेला चालेल का? विचारून बघा कोणीतरी.'

लिहिताना ते नुसतं वाक्य होतं. टाळी घेणारं, म्हणून ठेवलेलं.

दुपारी लेखाखाली एका वाचकाने लिहिलं, 'विचारायला पत्ता हवा ना? हा घ्या.' सोबत एका इमारतीचा फोटो, एका खिडकीभोवती लाल गोल आणि घरचा फोन नंबर. त्याखाली अंगठ्यांची रांग. 'जशास तसं', 'आता कळेल बाईंना'. त्याने ते काच हातात धरूनच वाचलं. खरं सांगायचं तर आधी त्याला मजा वाटली. मग त्याने त्या लाल गोलाकडे पुन्हा पाहिलं. पुसून टाकायचं बटण त्याच्याच हातात होतं. पण लेख असा धावत होता जसा आधी कुठलाच धावला नव्हता, आणि मध्येच खोडाखोड केली तर रंगाचा बेरंग होईल असं त्याला वाटलं. एक चष्मा तातडीने द्यायचा आहे, असं मनाशी म्हणून त्याने फोन पालथा ठेवला.

संध्याकाळी घरी आला तर त्याने चपला काढायच्या आधीच बायकोने फोन त्याच्यासमोर धरला.

"हे पाहिलंस?"

"दुपारीच पाहिलं."

"दुपारी पाहिलंस आणि अजून आहे?" तिने आवाज चढवला नाही. "पूस."

त्याने पुसलं. पण सांडलेला पारा कोणी गोळा केलाय? तोवर तो पत्ता दहा ठिकाणी जाऊन चिकटला होता.

दुसऱ्या दिवशी एक व्हिडिओ फिरू लागला. दोन तरुण एका दारावर पुठ्ठ्याचा कॅमेरा चिकटवतात आणि घंटा दाबतात. "बाईंना विचारायला आलोय," त्यातला एक खिदळत म्हणतो. दार एक म्हातारे गृहस्थ उघडतात. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली, काच जरा तिरपी बसलेली, त्यामुळे समोर कोण आहे हे बघायला ते मान वाकडी करतात. मागे शाळेचं दप्तर पाठीवर घेतलेली एक मुलगी उभी असते. ती आजोबांचा सदरा मागून धरते. व्हिडिओ तिथे संपतो.

त्याने तो मागच्या खोलीत पुन्हा पुन्हा पाहिला. मग दार लावून घेतलं आणि त्या नंबरावर फोन केला.

"हॅलो," म्हातारा आवाज आला. "शिव्या द्यायच्या असतील तर जरा थांबा. खुर्ची ओढून घेतो, उभं राहून गुडघा दुखतो."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हं, बोला आता."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बसबद्दल तक्रार असेल तर ऑफिसात करा," आजोबा समजावणीच्या सुरात म्हणाले. "मुलगी तिथे भेटेल. घरी मी आणि नात. आम्हाला त्यातलं काही कळत नाही."

"मला शिव्या नाही द्यायच्या. तुम्ही फोन उचलता कशाला? वायर काढून ठेवा ना."

"मुलगीही तेच म्हणते. पण एखादा खरंच कामाचा असला तर? वाजणारा फोन उचलू नये, हे मला जमत नाही." मग त्यांनी विचारलं, "तुमचं काय काम होतं?"

"माफी मागायची होती. तो लेख मी लिहिलाय."

पलीकडे खुर्ची पुन्हा सरकली. मग आजोबा म्हणाले, "तर मग तिच्याशी बोला. माझ्याशी बोलून तुमचं काम व्हायचं नाही." आणि त्यांनी फोन ठेवला.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो बसखात्याच्या ऑफिसात गेला. जनसंपर्क विभाग म्हणजे एक लांबट खोली. फायलींची कपाटं, पाण्याची मशीन, भिंतीवर मार्गांचे नकाशे. बाईंनी आपलं टेबल खिडकीपासून ओढून कपाटाच्या आडोशाला लावलं होतं. टेबल जिथे होतं तिथे फरशीवर चार पायांच्या खुणा दिसत होत्या. बाई त्याच्याच वयाच्या. त्याने आपण कोण ते सांगितलं. त्यांनी त्याला बसा म्हटलं नाही.

"मला वाटलं होतं कोणीतरी तरुण पोरगा असेल," त्या म्हणाल्या.

"मी आजच माफी लिहितो. तुमचा यात काही दोष नाही, तुम्ही फक्त पत्रक काढलंत, हे तुमचं नाव घेऊन स्पष्ट—"

"नाव घेऊन?" त्यांनी पहिल्यांदा नीट वर पाहिलं. "ज्यांनी लेख वाचला नव्हता ते माफी वाचतील. मग म्हणतील, या कोण बाई, बघू तरी. माझं नाव तुमच्या तोंडी चांगल्या अर्थानेही नको."

याचा त्याने विचारच केला नव्हता. माफीचा मजकूर वाटेत मनात तयार झाला होता, चांगला उतरला होता.

"मग मी काय करू?"

"तेही मीच सांगायचं?" बाई म्हणाल्या. मग त्याच्याकडे न बघता बोलल्या, "मुलगी शाळेत जात नाहीये. मला विचारते, आई, तू नक्की काय केलंस? मी म्हणते, पत्रक लिहिलं. तिला ते खरं वाटत नाही. तिला वाटतं, एवढे लोक चिडलेत म्हणजे आईने काहीतरी केलंच असणार."

तो उभाच होता. सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "तुम्हाला स्वतःला पटतं का हे कॅमेऱ्यांचं?"

बाईंना हसू आलं असावं, पण ते ओठांपर्यंत पोहोचलं नाही.

"हे लिहायच्या आधी विचारलं असतंत तर सांगितलं असतं. आमचं ऑफिस रोज उघडं असतं. आता नाही सांगणार."

त्याने माफी लिहिली, नाव न घेता. मी एका बाईचं नाव टाळीसाठी वापरलं, पत्ता दिसला तेव्हा वेळेत पुसला नाही, एवढंच. ज्या वाचकांनी वाघ म्हटलं होतं त्यांनीच आता शेळी म्हटलं. जागल्या विकला गेला, जागल्या घाबरला. काहींना शंका आली की जागल्या बसखात्याचाच माणूस असेल. मग त्यांनी जुने लेख उकरले. एकात काच घासण्याचा उल्लेख होता, एकात आईच्या लॅबचा. दोन दिवसांत दुकानाचा फोटो लोकांसमोर होता, पाटीसकट.

दुकानात फोन यायला लागले. बायकोच्या कामाची जागाही लोकांनी शोधून काढली; कोणीतरी दातांच्या दवाखान्यात जाऊन तिच्या टेबलासमोर बसला आणि नुसता बघत राहिला, विचारलं तर म्हणाला, "बघायला काय हरकत आहे? तुमचे मिस्टर तर सगळ्यांना बघतात." बायकोने घरी येऊन हे सांगितलं, आणि आपण घाबरलो याचाच तिला राग आला होता.

"मी तुला काही बोलणार नाही," ती म्हणाली. "बोलण्यासारखं जे होतं ते तूच लिहिलंयस."

दुकानाचा मालक म्हातारा आणि भला होता. तो मागच्या खोलीत येऊन स्टुलावर बसला. "रागावलो नाही रे तुझ्यावर. पण पुढच्या पोरी फोन उचलायला भितात. थोडे दिवस घरी राहा." ते थोडे दिवस बरेच लांबले.

या गदारोळात कॅमेऱ्यांविषयी कोणी बोलेनासं झालं. जागल्या खरा की खोटा, यावरच लोक भांडत होते. बसखात्याने लोकांच्या हरकती ऐकायला एक सभा ठेवली. ती बातमी पेपरात कोपऱ्यात आली आणि बायकोच्या नजरेला पडली.

"जायचं का?" तिने विचारलं.

"मी गेलो तर पुन्हा तमाशा होईल."

"कोणी येणारच नाहीये तमाशा बघायला. इंटरनेटवर नाहीये ना ती सभा."

तिचं खरं निघालं. मोठा हॉल आणि खुर्च्या बहुतेक रिकाम्या. पुढच्या टेबलाशी त्या बाई बोलणाऱ्यांची नावं विचारून घेत होत्या. त्याची पाळी आली तेव्हा त्यांनी सगळ्यांना विचारलं तसंच त्यालाही नाव विचारलं. त्याने खरं नाव सांगितलं, त्यांनी ते लिहून घेतलं. दोघांपैकी कोणाच्याही चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

बोलला मात्र वाईट. माईक तोंडापासून कधी लांब, कधी फार जवळ. कागदावर जे सपासप चालायचं ते इथे चाचपडत होतं. त्याच्यानंतर एक वयस्कर बाई उठल्या. "मी कवळी काढली की माझ्या घरचेसुद्धा मला ओळखत नाहीत," त्या म्हणाल्या, "तुमची मशीन काय ओळखणार? आणि नाही ओळखलं तर मला उतरवणार का?" हॉलमध्ये पहिल्यांदाच कोणी हसलं. अध्यक्षांनीही काहीतरी टिपून घेतलं.

सभा संपल्यावर जिन्यात बाई समोरून आल्या. तो भिंतीला टेकून बाजूला झाला. त्या बायकोपाशी थांबल्या.

"घरचा फोन बंद केला आम्ही," त्या म्हणाल्या. "बाबांना करमत नाही." एवढं बोलून त्या खाली उतरून गेल्या.

कॅमेरे शेवटी काही मार्गांवर लागले. ज्यांना चेहरा दाखवायचा नाही त्यांच्यासाठी कागदी तिकीट ठेवलं. ते कवळीवाल्या बाईंमुळे की आणखी कशामुळे, कोणास ठाऊक. आपल्यामुळे नव्हे, हे त्याला पक्कं माहीत आहे. तो पुन्हा मागच्या खोलीत काचा घासतो. जागल्या हे नाव त्याने सोडलं आणि सगळे लेख काढून टाकले.

पण लेखाच्या नकला ठिकठिकाणी आहेत. त्या बाईंचं नाव शोधलं की आजही सर्वांत वर तेच वाक्य येतं. ज्या ज्या साइटवर ते दिसतं तिथे तो विनंती पाठवतो, खरं नाव लिहून. काही जण काढतात, काही उत्तरच देत नाहीत, आणि एखाद्या ठिकाणचं निघालं की दुसरीकडे उगवतं. बायको एकदा म्हणाली, "आता पुरे झालं." तो म्हणाला, "त्यांची मुलगी आता मोठ्या वर्गात गेली असेल. तिच्या हातात स्वतःचा फोन येईल. ती आधी काय शोधेल?"

बायकोने खुर्ची त्याच्या शेजारी ओढून घेतली आणि पुढच्या साइटचा पत्ता त्याला वाचून दाखवू लागली.